मागची सीट

मंगळवार, ४ नोव्हेंबर

फेल! आमचीच गाडी, आणि माझ्याच पीयूसी केंद्रावर.

मेहुणे, म्हणजे धाकटीचा नवरा, सकाळी रांग मोडून थेट पुढे आले. घरचं केंद्र म्हटल्यावर रांग कशाला लावतील! मी सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि मशीनचे आकडे जे चढले ते उतरायचं नाव घेईनात. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या कितीतरी वर. शिवाय ऑक्सिजनही जास्त दाखवत होता. म्हणजे पाइपाला कुठेतरी चीर आहे, बाहेरची हवा आत शिरतेय. तसं लिहून दिलं आणि गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

मेहुणे हसले. मी थट्टा करतेय असं वाटलं त्यांना. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, ताई, नळी त्या शेजारच्या नव्या गाडीत घाला की, कोण बघतंय. झालं! माझं डोकंच फिरलं. रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मेहुणे, नातं माझं तुमच्याशी आहे, तुमच्या धुराशी नाही." रांग खदखदली. मेहुण्यांचं तोंड एवढंसं झालं. मला — इथे कशाला खोटं लिहू — फार बरं वाटलं.

गाडी मुळात माझी. आई होती तोवर लागायची. ती गेल्यावर गाडी नुसती उभी राहायला लागली, केंद्र तर घरापासून चालत जाण्याइतकं. म्हणून धाकटीला देऊन टाकली. माझ्याकडे होती तेव्हा एकदाही फेल झाली नव्हती. यांनी वर्षभरात वाट लावली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

धाकटीचा फोन. नवऱ्याची बाजू घेऊन भांडणार असं धरून मी आवाज आधीच चढवून ठेवला होता. तर गाडीचा विषयच नाही. म्हणाली, ताई, डोकं फार दुखतं गं, मळमळतं, कामावर पोचेपर्यंत जीव नकोसा होतो.

मी म्हटलं, पिशवी घेतलीस का?

आमच्या घरातली जुनी थट्टा. लहानपणी कुठल्याही गाडीत बसली की ही ओकायची. मग कुठेही निघायचं असलं की सगळे एका सुरात विचारायचे, पिशवी घेतली का? दर वेळी चिडायची आणि दर वेळी हसायची. आज हसली नाही. ठेवते म्हणाली.

रविवार, ९ नोव्हेंबर

धाकटीकडे जेवायला. बाईसाहेब ठणठणीत! पत्त्यांत मला लागोपाठ हरवलं, वर लबाडी करते म्हणून माझ्यावरच आळ. मेहुणे म्हणाले, बघा, सुट्टीच्या दिवशी डोकेदुखीलाही सुट्टी असते. मीही हसले. तिने पत्ते पिसायला घेतले.

मेहुण्यांनी प्लग बदललेत, एअर फिल्टर बदललाय. माझ्याकडे न बघता, भिंतीला सांगितल्यासारखं सांगितलं. गाडी पेट्रोल ढोसतेय म्हणाले. महिनाअखेर जुन्या पीयूसीची मुदत संपते, मग गाडी रस्त्यावर काढता येणार नाही. आणि गाडीशिवाय त्यांचं पान हलत नाही — फरशांचे नमुने घेऊन दुकानोदुकानी फिरायचं असतं. पुढची सीट त्या नमुन्यांच्या खोक्यांनी कायम भरलेली. त्यामुळे सकाळी धाकटीला सोडतात तेव्हा ती मागे बसते. मी म्हटलं, मजा आहे बुवा, ड्रायव्हर ठेवलाय हिने.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

धाकटी संध्याकाळी एकटीच आली. चपला काढल्या आणि दारातच उभी राहिली, कुठल्या घरात आलो ते विसरल्यासारखी. चहा दिला तर कप हातात धरून बसली.

मग बोलली. औषधांच्या दुकानात इतकी वर्षं काउंटरवर उभी आहे, कधी चूक नाही. काल एका म्हातारबाबांना गोळी दिली ती दुप्पट ताकदीची. नशीब, त्यांच्या सुनेने पाकीट वाचलं आणि दारातूनच परत फिरली. मालक चांगला आहे, कुणासमोर काही बोलला नाही. पण हिने हाय खाल्ली आहे. परवा नेहमीच्या गोळ्यांचा खण सापडेना. त्याआधी पैसे घेऊन औषधच द्यायची विसरली. महिना संपला की काम सोडते म्हणाली, माझ्या हातून कुणीतरी मरायच्या आत.

मी म्हटलं, दमली असशील.

"ताई, मला आईसारखं होतंय."

आईचंही डोकेदुखीनेच सुरू झालं होतं. मग शब्द हरवायला लागले, मग वस्तू, मग आम्ही. एखादा दिवस लख्ख असायचा, सगळं जुनं आठवायचं, आणि दुसऱ्या दिवशी मलाच विचारायची, तुम्ही कोण? धाकटी म्हणाली, माझंही तसंच आहे, चांगले दिवस आणि वाईट दिवस. सव्वीस तारखेची डॉक्टरची वेळ घेतली आहे, स्मरणशक्ती तपासायची.

मी घाबरले. घाबरले की मी ओरडते. "तुला लहानपणापासून नाटकं!" असं म्हटलं. खरंच म्हटलं. कप तसाच ठेवून गेली ती.

बुधवार, १२ नोव्हेंबर

फोन करावा म्हटलं. मग म्हटलं, तिने करावा. कसला हा मोठेपणा माझा!

शनिवार, १५ नोव्हेंबर

धाकटीचं डोकं मला दुरुस्त करता येत नाही. गाडी तरी करू. तेवढंच येतं मला.

मेहुण्यांना फोन करून, नरमाईने बोलून, गाडी केंद्रासमोरच्या गॅरेजात मागवली. गॅरेजवाल्याला मी कानसेन म्हणते. बॉनेट उघडायच्या आधी डोळे मिटून इंजिन ऐकत बसतो, गवयासमोर बसल्यासारखा. आज बराच वेळ ऐकून म्हणाला, सायलेन्सरमधलं धूर साफ करायचं भांडं गेलं, सगळंच बदलावं लागेल. मी म्हटलं, थांब जरा, भांड्यापर्यंत इतका घाण धूर येतोच कशाला, ते आधी शोध. त्यावर आमची नेहमीसारखी जुंपली. शेवटी सोमवारी इंजिन तापलेलं असताना घेऊन या म्हणाला.

स्टेपनी बघायला डिकी उघडली तर हिरवी दोरी अजून तिथेच. आईची चाकांची खुर्ची डिकीत पुरती मावायची नाही, म्हणून झाकण अर्धं उघडं ठेवून मी या दोरीने बांधायची. रोज व्यायामाच्या केंद्रात न्यायचं, रोज बांधायचं. माझी गाठ कधी सुटली नाही. आईला मागे बसवायचं, काचा लावून घ्यायच्या, कारण तिला वारा सोसायचा नाही. तिची एकच कुरकुर असायची. नाकाला रुमाल लावून म्हणायची, वास येतो गं, मला पुढे बसव. पण तिचा पाय दुमडायचा नाही, मागच्या सीटवर आडवा ठेवायला लागायचा. आल्यागेल्याला मात्र कौतुकाने सांगायची, थोरलीच्या हाताला गाठ चांगली.

दोरी परत ठेवून दिली. टाकवत नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

कामावर जाता जाता दोघं गाडी घेऊन आले. कानसेनने या वेळी कानाबरोबर मीटरही लावला आणि सापडलं! इंजिन चांगलं तापलेलं, हात लावला तर भाजेल, आणि त्याचं तापमान सांगणारा सेन्सर मात्र सांगतोय की इंजिन गार आहे. मग ते बिचारं गारठ्यात ओढावं तसं पेट्रोल ओढतंय. अर्धं जळतं, अर्धं धुरातून बाहेर. सेन्सर मागवलाय, शनिवारपर्यंत येईल. भांडं शाबूत आहे. मी कानसेनला भरपूर टोचून बोलून घेतलं.

चीर कुठे आहे ते मात्र बघायचं राहिलं. मी आठवण केली. तो म्हणाला, शनिवारी एकदमच बघू. मीही बरं म्हटलं. माझ्याकडे रांग लागली होती.

धाकटी मागेच बसून होती. उतरली नाही. काचेला कपाळ टेकवून, डोळे मिटून. माझ्याशी अबोला धरलाय असं वाटलं. काचेवर टकटक करावी असं मनात आलं होतं. केली नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

मेहुणे म्हणतात, हल्ली एकच गोष्ट दोनदा विचारते. आईनेही तेव्हा हेच सुरू केलं होतं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

हॉस्पिटलात बाकावर बसून लिहितेय. नीट लिहिलं पाहिजे, नाहीतर मी उद्या स्वतःलाच वेगळं सांगेन.

रस्त्यात कुठेतरी झाड पडलं होतं, म्हणून दोघं फार वेळ गर्दीत अडकून आले. गाडी चालूच. कानसेन म्हणाला, चालू आहे तशी राहू दे, आधी चीर शोधू. धाकटी उतरायला लागली. मी म्हटलं, बाहेर गारठा आहे, बस आतच, दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं.

कानसेनने ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड दाबून धरलं. तोंड बंद केलं की धूर दुसरी वाट शोधतो, आणि चिरीतून फुसफुसतो. आम्ही दोघं वाकून ऐकायला लागलो. आवाज डिकीखालून येत होता. जोडाला चांगली बोटभर चीर. कानसेन खूश! मी डिकी उघडली, वरून काही दिसतंय का बघायला. खालची सतरंजी उचलली. तळाला एक गोल भोक — तिथे रबरी बूच असतं, ते कधीच पडून गेलेलं. भोकाच्या कडा काजळीने काळ्याभोर. वर हात धरला. ऊन ऊन हवा लागली तळहाताला, कुणी श्वास सोडावा तशी.

डिकीतून मागच्या सीटची पाठ दिसते. सीटच्या वर धाकटीचं डोकं दिसत होतं. ते एका बाजूला कललेलं होतं.

मी मेहुण्यांना विचारलं, रोज इथेच बसते ना ती? हे मला माहीत होतं! मीच थट्टा केली होती, ड्रायव्हर ठेवलाय म्हणून. मेहुणे म्हणाले, हो, आणि काचा बंद, धूळ लागते म्हणून. ते स्वतः सिगरेट ओढतात, त्यामुळे त्यांच्या बाजूची काच नेहमी उघडी. म्हणजे त्यांना बाहेरची हवा, आणि हिला डिकीतली.

दार उघडून तिला ओढून बाहेर काढलं. पाय टेकवेनात. गाल लालबुंद, जणू उन्हातून आलीय. आम्ही कानसेनच्या गाडीतून इथे आलो. मी सारखी डॉक्टरांना सांगत होते, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, रक्त तपासा. मला त्याचा आकडा पाठ आहे, मर्यादा पाठ आहे, मशीनवर दिवसभर तेच नाव बघते. आणि ते माझ्या बहिणीच्या नाकात जातंय हे मला कळू नये?

रविवार, २३ नोव्हेंबर

कार्बन मोनॉक्साइड रक्तात सापडलं. पुष्कळ होतं. रात्रभर ऑक्सिजन लावला होता. सकाळी डोळे उघडले तिने, रंगही नेहमीचा.

डॉक्टरांनी दोघींना एकत्रच सांगितलं. डोकेदुखी, मळमळ, विसरणं, सगळं यानेच होतं. रोज थोडं थोडं जात राहिलं की माणूस हळूहळू भ्रमिष्टासारखा होतो, आणि घरचे काहीतरी भलतंच समजतात. सुट्टीच्या दिवशी बरं वाटायचं, कारण सुट्टीच्या दिवशी ती गाडीत बसायची नाही. चांगल्या हवेत राहिली की हळूहळू भरून येईल म्हणाले.

धाकटीने मास्क बाजूला करून विचारलं, "म्हणजे मला वेड लागत नाहीये ना?" डॉक्टर नाही म्हणाले. मग ती खूप वेळ रडली. मेहुणे व्हरांड्यात जाऊन रडले. मी रडले नाही. मी तिच्या चपला पुसत बसले, उगाच.

चार तारखेलाच मशीनने मला सगळं सांगितलं होतं. आकडा जास्त आहे, पाइपाला चीर आहे. एवढं वाचून मी मेहुण्यांना टोमणा मारला आणि लोकांना हसवलं. चिरीतून आत हवा जाते हे लिहून दिलं. तिथूनच धूर बाहेरही येतो, आणि वर माणसं बसतात, हे कुठे लिहिलं? इतकी वर्षं गाड्यांच्या मागे उभी राहते. आत कोण बसलंय ते वाकून बघत नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

धाकटी घरी आली. माफी मागितली तिची, त्या नाटकांबद्दल. नीट, समोर बसून. मला जमत नाही असलं, जीभ जड होते. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, पिशवी आण गं कुणीतरी, ताईला गहिवर आलाय. मग दोघी हसलो. किती दिवसांनी!

कामाचं विचारलं तर मान हलवली. परत नाही जाणार. मी म्हटलं, आता काय राहिलंय? गाडी होती ती, तू नव्हतीस. तर म्हणते, "या वेळी गाडी होती. पण आईचं तर खरंच होतं ना, ताई? तेच रक्त आहे माझ्यात. आज नाही तर उद्या." उद्याची डॉक्टरची वेळ रद्द करत नाही म्हणाली.

बुधवार, २६ नोव्हेंबर

तिच्याबरोबर गेले. रिक्षाने. डॉक्टर म्हणाले, आत्ता काळजीचं काही दिसत नाही. मग विचारलं, घरात कुणाला हा त्रास होता? धाकटी म्हणाली, आईला. त्यांनी ते लिहून घेतलं. ते लिहीत होते तेव्हा धाकटीचा चेहरा बघवत नव्हता. रिक्षात म्हणाली, बघितलंस? त्यांनाही तेच वाटतं. दुकानाच्या मालकाला उद्या फोन करून, परत येत नाही असं कळवणार म्हणते. मी दोन दिवस थांब म्हटलं. कशासाठी थांबायचं ते मलाही सांगता येईना.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

गाडी पास.

नवा सेन्सर बसला, जोड वेल्डिंग केला, बूच लावलं. मी स्वतः आत मागच्या सीटवर बसून, मशीन मांडीवर घेऊन, काचा लावून बघितलं. आत काही नाही. मग सायलेन्सरला नळी. सगळे आकडे मर्यादेच्या आत. मेहुणे रांगेत उभे होते, अगदी शेवटी. नंबर आल्यावर म्हणाले, आता धुराशी नातं जमेल का, ताई? त्यांना बरं वाटावं म्हणून हसले.

नमुन्यांची खोकी आता मागे, धाकटीची जागा पुढे. मी सगळ्यांना सांगते तेच त्यांनाही सांगितलं — पास म्हणजे धूर नाही असं नव्हे, धूर मर्यादेत आहे एवढंच. धूर तो धूरच.

कानसेनने डिकीतलं सामान पिशवीत भरून माझ्याकडे दिलं. जुनी फडकी, पाना, आईची दोरी.

शनिवार, २९ नोव्हेंबर

दुपारी एकजण आला. डिकीत कपाट कोंबलेलं, झाकण अर्धं उघडं, दोरीने बांधलेलं. मागच्या सीटवर दोन मुली. मी नळी टाकून धावले. मुलींना खाली उतरवलं आणि त्या माणसावर ओरडले — डिकी उघडी ठेवून गाडी चालवायची नाही, मागचा सगळा धूर आत ओढला जातो, मागच्या सीटवर!

ओरडून झालं. मग माझं मलाच ऐकू आलं.

वास येतो गं, मला पुढे बसव.

तेव्हा गाडी पास होती. मीच पास करत होते.

केंद्र बंद केलं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. ज्या दिवशी व्यायामाला सुट्टी असायची त्या दिवशी आई लख्ख असायची, हेही सांगितलं. ते म्हणाले, शक्य आहे. आता तपासता येणार नाही, पण शक्य आहे.

धाकटी उद्या सकाळी मालकाला नाही म्हणून कळवणार आहे. दोरी पिशवीत घेतली आहे. आत्ताच निघते. तिला सांगायचं आहे की आईचं ते रक्तातलं नसेलही. मग ती विचारेलच, कशातलं होतं?

सांगणार आहे.